गुठळी तर निघाली, मग आता ही सूज कसली? स्ट्रोकनंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. काकांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा आयसीयूच्या बाहेरच्या खुर्च्यांवर बरेच दिवस काढले, आणि तिथे बसलेला प्रत्येक जण एकमेकांना हेच प्रश्न विचारत होता. नंतर वाचत गेले, ओळखीच्या डॉक्टरांना पिडलं, त्यातून हे जमा झालंय. तुमच्या पेशंटचं काय करायचं ते मात्र समोरच्या डॉक्टरांनाच विचारा, हे वाचून औषध बदलू नका.

स्ट्रोक म्हणजे मेंदूची नस ब्लॉक होणं ना? मग त्यात हा दाह वगैरे मधेच कुठून आला?

बहुतेक स्ट्रोक ब्लॉकचेच असतात, काही नस फुटून रक्तस्राव झाल्याचे. पण ब्लॉक ही सुरुवात आहे. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के, आणि ऑक्सिजन खातो जवळपास 20 टक्के, शिवाय साठा काहीच करून ठेवत नाही, रोजचं आणून रोजचं खाणारं घर म्हणा. मोठी नस बंद झाली आणि काहीच उपचार झाला नाही तर मिनिटाला सुमारे 19 लाख न्यूरॉन जातात, असा हिशोब 2006 मध्ये मांडला गेला होता आणि तोच आजही सगळीकडे सांगतात.

जिथे रक्त पूर्ण बंद झालं तो मधला भाग लगेच मरतो. त्याच्या भोवती एक पट्टा असतो जिथे आजूबाजूच्या नसांमधून थोडंथोडं रक्त येत राहतं, तिथल्या पेशी काम थांबवतात पण जिवंत असतात. याला पेनम्ब्रा म्हणतात, म्हणजे उपछाया, ग्रहणात असते तीच. ही कल्पना 1981 मध्ये नीट मांडली गेली आणि आजची सगळी धावपळ या पट्ट्यासाठीच असते. पुढचे काही तास आणि काही दिवस हा पट्टा जगणार की जाणार हे बऱ्याच अंशी दोन गोष्टींवर ठरतं, बारीक रक्तवाहिन्या कितपत धड राहिल्या आणि दाह कुठल्या दिशेने गेला.

डॉक्टर म्हणाले मेंदूला सूज आहे. ही नक्की कसली सूज?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि गोंधळ आपल्या भाषेचाच आहे, कारण मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना सूजच म्हणतो. पाय सुजला तरी सूज आणि जखम लालबुंद झाली तरी सूज.

मेंदूत एक असते पाण्याची सूज, डॉक्टर तिला एडिमा म्हणतात. ही दोन टप्प्यांत येते. आधी पेशींना ऊर्जा मिळत नाही, सोडियम बाहेर फेकणारे पंप बंद पडतात, मीठ आत अडकतं आणि त्याच्या मागोमाग पाणी आत शिरतं, म्हणजे पेशीच फुगते. हे मिनिटांत सुरू होतं. मग काही तासांनी रक्तवाहिनीची भिंत गळायला लागते आणि रक्तातलं पाणी, प्रथिनं बाहेर मेंदूत झिरपतात, हा दुसरा टप्पा.

दुसरी गोष्ट म्हणजे दाह, इन्फ्लमेशन. तो रोगप्रतिकारक पेशींचा कारभार आहे, जंतू नसतानाही चालू होणारा. दोन्ही एकमेकांना वाढवतात, भिंत गळली की पेशी आत शिरतात आणि त्या पेशी भिंत अजून गळवतात. पण उपाय वेगळे आहेत, म्हणून 'सूज आहे' असं ऐकलं की सरळ विचारा, पाण्याची की दाहाची. पहिल्या आठवड्यात डॉक्टर बहुतेक वेळा पाण्याच्या सुजेबद्दल बोलत असतात. आणि मेंदूज्वर हा तिसराच प्रकार, त्याचा इथे संबंध नाही. आमच्या एका नातेवाईकांनी सगळ्यांना फोन करून काकांना मेंदूज्वर झालाय असं सांगून टाकलं होतं, ते निस्तरण्यात दोन दिवस गेले.

ही 'भिंत' म्हणजे ब्लड-ब्रेन बॅरिअर का? ती नेमकी असते कशी?

हो तीच. 1885 मध्ये पॉल एर्लिख यांच्या लक्षात आलं की प्राण्याच्या रक्तात रंग सोडला की सगळे अवयव रंगतात, मेंदू मात्र पांढराच राहतो. 1913 मध्ये त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या एडविन गोल्डमन यांनी उलटं केलं, रंग मेंदूच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकी शरीर नाही. म्हणजे मधे काहीतरी अडसर आहे. हा अडसर नक्की कुठे आहे ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली 1967 मध्ये दिसलं, तो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातच आहे.

त्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की मधून काही जात नाही, या टाक्यांमधला एक मुख्य धागा म्हणजे क्लॉडिन-5 नावाचं प्रथिन. बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी बोटांनी धरल्यासारख्या नळीला धरून असतात, आणि त्याच्याही बाहेर अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या मेंदूतल्या मदतनीस पेशींचे पाय टेकलेले. तुम्ही वाचताय तेव्हाही हे सगळं मिळून ठरवत असतं की मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यात आत्ता किती रक्त सोडायचं.

स्ट्रोकमध्ये काय होतं, तर एमएमपी-9 सारखी एन्झाइम्स या टाक्यांना आणि खालच्या पातळ पडद्याला कातरतात, पेरिसाइट सोडून जातात किंवा मरतात, अ‍ॅस्ट्रोसाइटचे पाय फुगतात. म्हणून डॉक्टर नुसतं 'नस' न म्हणता हे सगळं मिळून एक युनिट धरतात, आणि मला ते पटतं, कारण नळी उघडी आहे पण तिचं काम बंद आहे असं होऊ शकतं.

तेच विचारायचं होतं. गुठळी काढली, स्कॅनमध्ये रक्त सुरू झालेलं दिसतंय, मग पेशंट उठत का नाही?

आयसीयूबाहेर मी हा प्रश्न सगळ्यात जास्त ऐकला, आणि बहुतेक वेळा त्यात डॉक्टरवरचा संशय असतो. पण हे 1968 पासून माहीत आहे. अ‍ॅडलबर्ट एम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांमध्ये पाहिलं की काही वेळ रक्त थांबवून परत सोडलं तरी मेंदूचे काही भाग कोरडेच राहतात. त्याला नो-रिफ्लो म्हणतात, मोठा पाइप उघडला पण घरातल्या नळाला पाणी नाही तसं.

कारण असं की शेवटच्या केशवाहिन्या लाल पेशीपेक्षाही अरुंद असतात, लाल पेशी 7 ते 8 मायक्रॉनची, ती स्वतःला दुमडून त्यातून जाते. तिथे थोडंसं आवळलं तरी वाट बंद. आणि आवळणारे हात असतात पेरिसाइटचे. 2009 आणि 2014 मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं की ऑक्सिजन तुटला की पेरिसाइट आखडतात, आणि पुढे त्या तशाच आखडलेल्या अवस्थेत मरतात, म्हणजे मूठ आवळलेली आणि माणूस गेलेला, आता ती मूठ उघडणार कोण. त्यात पांढऱ्या पेशी म्हणजे न्यूट्रोफिल, त्या मोठ्या आणि कडक, अशा अरुंद जागी अडकून बसतात. भरीला ऑक्सिजन अचानक परत आला की फ्री रॅडिकल नावाचे घातक रेणू तयार होऊन अस्तराला अजून इजा होते.

पण यातून 'मग गुठळी काढून उपयोग काय' असा अर्थ प्लीज काढू नका. नस लवकर उघडणं हाच आजही सगळ्यात मोठा उपाय आहे, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत आणि निवडक पेशंटमध्ये तार घालून गुठळी काढणं 24 तासांपर्यंत.

साडेचार तासच का? पाचव्या तासाला इंजेक्शन दिलं तर काय बिघडतं?

घड्याळाचा काटा पुढे गेला म्हणून काही जादू होत नाही, आणि हल्ली स्कॅन बघून काही निवडक पेशंटना उशिराही देतात. पण जितका वेळ जातो तितका वाचवायला मेंदू कमी उरतो आणि भिंत जास्त कुजते, आणि कुजलेल्या भिंतीत जोरात रक्त सोडलं की ती फुटते. 1995 च्या मूळ अमेरिकन ट्रायलमध्ये, जिथे तीन तासांच्या आत औषध दिलं होतं, तिथेही त्रास देणारा रक्तस्राव औषध घेतलेल्यांत 6.4 टक्के आणि न घेतलेल्यांत 0.6 टक्के होता. तरीही तीन महिन्यांनी औषधवाले जास्त चांगले होते. सही घेताना डॉक्टर जी रिस्क सांगतात ती हीच.

दाह सुरू कोण करतं?

मेलेल्या पेशीच करतात. पेशी फुटली की तिच्या आतला माल बाहेर सांडतो, पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी, एचएमजीबी-1 नावाचं प्रथिन असल्या गोष्टी, ज्या बाहेर दिसायलाच नकोत. ते पाहून मेंदूतल्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया, जाग्या होतात. पीओ देल रिओ-होर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञांनी 1919 मध्ये या वेगळ्या ओळखल्या. एरवी त्या बारीक फांद्या पसरून सतत चाचपत असतात, धोका दिसला की फांद्या आत ओढतात, गोल होतात आणि आयएल-1, टीएनएफ सारखे रासायनिक निरोप सोडतात.

हे मिनिटांत. मग रक्तवाहिनीचं अस्तर चिकट होतं, काही तासांत न्यूट्रोफिल चिकटायला लागतात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांची गर्दी असते, येताना एमएमपी-9 घेऊनच येतात. त्यानंतर मोनोसाइट, मग आठवडाभरात आणि पुढेही लिम्फोसाइट, याही पांढऱ्या पेशीच. म्हणजे पहिल्या दिवशी लागलेली आग आणि दहाव्या दिवशीची आग यात हजर असलेली मंडळीच वेगळी असतात, हे पुढच्या उत्तरासाठी लक्षात ठेवा.

मग दाह बंद करणारं औषध का देत नाहीत? स्टेरॉइड तर कुठेही मिळतं.

कारण देऊन बघितलंय. आणि हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं होतं, कारण उंदरांत एवढं छान चालणारं माणसात एकामागून एक आपटत गेलंय.

न्यूट्रोफिल चिकटूच नयेत म्हणून एनलिमोमॅब नावाची अँटिबॉडी दिली, 625 पेशंटची ट्रायल 2001 मध्ये छापली गेली, आणि औषध घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा वाईट निघाली, ताप आणि इन्फेक्शन जास्त. ती अँटिबॉडी उंदराची होती, त्यामुळे शरीरानेच तिच्यावर उलट हल्ला केला असावा असं म्हणतात. मग लिम्फोसाइट अडवणारं नॅटालिझुमॅब, 2017 मध्ये निकाल आला, मेलेला भाग काही लहान झाला नाही. 2024 मध्ये दाह कमी करणाऱ्या कोल्चिसिन या औषधाच्या दोन मोठ्या ट्रायल आल्या, त्यातली चीनमधली तर आठ हजारांवर पेशंटची, पुढचे अटॅक टळतात का हे बघायला, आणि दोन्हीत ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं नाही.

माझ्या मते (आणि हे फक्त माझं मत नाही) मूळ चूक दाहाला निव्वळ व्हिलन धरण्यात आहे. मेलेला माल उचलणार कोण? मायक्रोग्लियाच. उंदरांमधून मायक्रोग्लिया काढून टाकल्या तेव्हा स्ट्रोकचं नुकसान वाढलं. ज्या एमएमपी-9 ने पहिल्या दिवशी भिंत कातरली, तेच काही आठवड्यांनी नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून द्यायला मदत करतं. म्हणजे आग विझवायला आलेलेच नंतर घर बांधायला थांबतात, त्यांना दारातूनच हाकललं तर दोन्ही कामं अडतात. कुठल्या पेशीला कुठल्या दिवशी थोपवायचं, हे माणसात अजून जमलेलं नाही.

स्टेरॉइडचं वेगळं आहे. मेंदूत गाठ असली की स्टेरॉइडने सूज झपकन उतरते, ते कुणीतरी पाहिलेलं असतं म्हणून लोक मागतात. गाठीभोवती मुख्यतः भिंत गळून पाणी साठलेलं असतं. स्ट्रोकमध्ये पेशीच फुगून मेलेल्या असतात, तिथे स्टेरॉइडचा फायदा दिसलेला नाही आणि साखर आणि इन्फेक्शन मात्र वाढतं. गाइडलाइन स्पष्ट नको म्हणतात.

दोन दिवस बरे होते, बोलत होते, तिसऱ्या दिवशी एकदम झोपाळले. काय झालं?

लगेच सांगा, वाट बघू नका. मोठ्या स्ट्रोकमध्ये पाण्याची सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सगळ्यात जास्त असते. कवटी काही ताणत नाही, मग फुगलेला मेंदू निरोगी भागाला ढकलतो.

सिस्टर दर तासाला टॉर्च घेऊन यायची, काकांची पापणी अंगठ्याने वर करायची, उजेड आत, उजेड बाहेर, मग दुसरा डोळा, कागदावर दोन आकडे लिहायची आणि जायची. मला वाटायचं झोपू द्या की हो त्यांना. ती बाहुल्या सारख्या आहेत का बघत होती, कारण एक बाहुली मोठी होऊन उजेडाला दाद देईनाशी झाली तर आतला दाब जीवघेणा झालाय.

अशा वेळी डोकं थोडं उंच ठेवणं, मॅनिटॉल किंवा जास्त मिठाचं सलाइन, आणि काही पेशंटमध्ये कवटीचा तुकडा काढून मेंदूला फुगायला जागा देणं. ऐकायला भयानक आहे, पण साठच्या आतल्या पेशंटमध्ये 48 तासांच्या आत केलं तर वर्षभराने 78 टक्के जगले, न करता 29 टक्के, तीन ट्रायल एकत्र करून 2007 मध्ये आलेला आकडा. साठीच्या पुढे जीव वाचतो पण बहुतेकांना मोठं अपंगत्व राहतं, तिथे घरच्यांना फार कठीण निर्णय घ्यायला लागतो, आणि तो अमुकच घ्या असं कुणी सांगू शकत नाही.

बीपी 190 आहे आणि हे लोक गोळीच देत नाहीत!

मुद्दाम असू शकतं. एरवी बीपी वरखाली झालं तरी मेंदूच्या नसा स्वतः आकसून किंवा सैल होऊन प्रवाह सारखा ठेवतात. स्ट्रोकच्या भागात ही शक्तीच जाते, तिथे रक्त किती पोचणार हे थेट बीपीवर अवलंबून, ते एकदम उतरवलं तर उपछायेतला पट्टाही उपाशी. म्हणून ब्लॉकच्या स्ट्रोकमध्ये इंजेक्शन दिलेलं नसेल तर सहसा 220/120 पर्यंत सुरुवातीला हात लावत नाहीत. इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी 185/110 च्या खाली आणि नंतर दिवसभर 180/105 च्या खाली, कारण तिथे भिंत फुटायची भीती. रक्तस्रावाच्या स्ट्रोकमध्ये गणित वेगळं, तिथे लवकर उतरवतात.

स्ट्रोक मेंदूत आणि निमोनिया कसा काय झाला? हॉस्पिटलने हलगर्जी केली का?

तशी शक्यता कधीही शून्य नसते, पण मोठं कारण आजारातच आहे. मेंदूतल्या दाहाची बातमी शरीरभर जाते आणि काही दिवसांत उलट प्रतिक्रिया येते, शरीर प्रतिकारशक्ती खाली आणतं. प्राण्यांमध्ये प्लीहा आक्रसलेली दिसते, रक्तातले लिम्फोसाइट घटतात. त्यात गिळणं बिघडलेलं, लाळ किंवा पाणी चुकून फुप्फुसात जातं, झालं. मग सगळ्यांना आधीच अँटिबायोटिक द्या ना? तेही करून पाहिलं, नेदरलँड्समध्ये अडीच हजारांवर पेशंटवर, 2015 मध्ये निकाल, तीन महिन्यांनी पेशंटच्या अवस्थेत काही फरक नाही.

आम्ही घरच्यांनी काय बघायचं?

ताप, साखर, गिळणं. एवढंच, पण डोळ्यात तेल घालून. ऑस्ट्रेलियात 19 स्ट्रोक युनिटमध्ये नर्सेसना फक्त या तीन गोष्टी पहिले तीन दिवस नीट सांभाळायला शिकवल्या, 2011 मध्ये निकाल आला, मृत्यू किंवा परावलंबी होणं लक्षणीय कमी झालं. नवं औषध नाही, मशीन नाही. ताप वाढला की अर्धमेल्या पेशींची भूक वाढते आणि भिंत जास्त गळते, साखर वाढली की तेच. म्हणून 99.5 च्या वर गेलं की सांगा, 'थोडंसं अंग गरम आहे' म्हणून सोडून देऊ नका.

आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडात काही घालू नका. माझीच चूक सांगते, काकांनी पाणी मागितलं, कुणी नव्हतं, मी चमचाभर दिलं. खोकलेसुद्धा नाहीत, मला वाटलं गेलं नीट. पण आवाज ओला झाला, घशात पाणी खुळखुळल्यासारखा, आणि तेच लक्षण असतं हे मला सिस्टरने नंतर सांगितलं, चांगलंच सुनावून. खोकला न येता पाणी चुकीच्या वाटेला जाणं जास्त वाईट, कारण कळतच नाही.

रक्तस्रावाच्या स्ट्रोकमध्येही दाह होतो?

होतो, आणि तिथे सांडलेलं रक्तच त्रास देतं. लाल पेशी फुटतात, हिमोग्लोबिन आणि त्यातलं लोह मेंदूला विषारी ठरतं, साकळलेल्या रक्ताभोवती सूज कित्येक दिवस वाढत राहते. मेंदूच्या आवरणाखाली नसेला आलेला फुगा फुटून रक्तस्राव झाला असेल तर आणखी एक भानगड, साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात धड असलेल्या नसाही आखडतात आणि पेशंट पुन्हा बिघडू शकतो. म्हणून निमोडिपिन 21 दिवस देतात. गंमत म्हणजे फोटोत दिसणारं आखडणं त्याने फारसं सुटत नाही तरी पेशंटला फायदा होतो, बहुधा ते दुसऱ्याच मार्गाने काम करतं.

दाह आहे की नाही हे टेस्टमध्ये दिसतं का?

सरळ नाही. सीआरपी, म्हणजे रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन, वाढतो, पण तो निमोनियानेही वाढतो. पाण्याची सूज सीटीत दिसते, भिंत गळतेय हे काही वेळा काँट्रास्ट देऊन केलेल्या एमआरआयमध्ये दिसतं.

सूज उतरायला घरातली पेनकिलर चालेल का?

नाही. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढतो, अमेरिकेच्या एफडीएने 2015 मध्ये हा इशारा आणखी कडक केला. शिवाय आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या कामात आडवी येते, आणि अ‍ॅस्पिरिन तर बहुतेकांना ब्लॉकच्या स्ट्रोकनंतर चालूच असते. दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

हे सगळं संपतं कधी? सहा महिने झाले, हातपाय सुधारले पण विसरतात, चिडतात, थकतात.

मेंदूतला मेलेला भाग साफ व्हायला फार वेळ लागतो, महिने. तो विरघळून पोकळी होते आणि तिच्याभोवती दाह धुमसत राहतो. 2015 च्या एका उंदरांवरच्या कामात दिसलं की स्ट्रोकनंतर काही आठवड्यांनी त्या जागी बी लिम्फोसाइट जमले आणि आधी ठीक असलेली स्मरणशक्ती तेव्हा घसरली, बी पेशी काढून टाकलेल्या उंदरांत मात्र घसरली नाही. माणसात हेच होतं का, त्यावर काम चालू आहे. पहिल्या स्ट्रोकनंतर साधारण दहातल्या एकाला डिमेन्शिया होतो, पुन्हा स्ट्रोक आला तर तिघांतल्या एकापेक्षा जास्त, म्हणून बीपी, साखर, स्टॅटिन, सिगरेट बंद, हे कंटाळवाणं वाटलं तरी सोडायचं नाही. स्टॅटिन तर कोलेस्टेरॉलसोबत रक्तवाहिनीच्या अस्तरालाही शांत करतं.

आणि चिडचिड, रडू, थकवा याला 'आता आळशी झालेत' म्हणू नका. स्ट्रोकनंतर तिघांतल्या जवळपास एकाला डिप्रेशन येतं आणि त्यावर उपचार आहेत. पुढच्या फॉलोअपला जाताना कागदावर लिहून न्या, काय विसरले, कधी विसरले, दिवसातून किती झोपतात. काकांच्या वेळी आम्ही नुसतं 'बरे आहेत' म्हणून परत आलो होतो, तीनदा.